बाबांच्या इंजिनावर दावा

शेडमध्ये दोन स्टँडवर दोन इंजिनं होती आणि त्यांच्या मधोमध माझी धाकटी बहीण कोरीन हातात सँडविच घेऊन उभी होती. डावीकडचं इंजिन भंगारवाल्याकडून आणलेलं, एका जुन्या ट्रकमधून काढलेलं. त्याच्यावरची शेतातली धूळ अजून गेली नव्हती. उजवीकडचं बाबांनी हिवाळाभर बसून बांधलेलं. त्याच्यावर आईची निळ्या फुलांची चादर घातलेली होती.

"ट्रकचं बसवू या," कोरीन म्हणाली.

"ट्रकचं." बाबा उलट्या बादलीवर बसले होते. "शर्यतीला जायचंय की बाजारात मका पोचवायचाय?"

"चांगलं आहे ते, बाबा. दमदार आहे."

"बैलही दमदार असतो. म्हणून कुणी त्याला वळणावर पळवत नाही."

"बरं, मग आर्डिस सांगेल," कोरीन म्हणाली आणि उरलेलं सँडविच एकदम तोंडात कोंबलं. बोलणं संपलं असं सांगायची तिची ही लहानपणापासूनची पद्धत.

आर्डिस म्हणजे मी. मी गावच्या दूध संघाच्या प्रयोगशाळेत काम करते. दुधातला स्निग्धांश मोजते, आणखी बरंच काही मोजते. आमच्या घरातले तंटे माझ्याकडे येतात. मी शहाणी आहे म्हणून नव्हे, मला उत्तर द्यायला वेळ लागतो म्हणून. तोवर भांडणारे थकलेले असतात.

बाबांचं नाव लॅडी कुबिचेक. आमच्या काउंटीच्या जत्रेच्या मैदानात चिकणमातीचं एक लंबगोल रिंगण आहे. उन्हाळ्यात दर रविवारी संध्याकाळी तिथे शर्यती होतात, आणि सगळ्यात स्वस्त वर्गातल्या गाड्यांची इंजिनं बाबा चाळीस वर्षं याच शेडमध्ये बांधत आले. स्वस्त वर्ग म्हणजे भंगारातल्या दोन दारी गाड्या. आतल्या सीटा काढून लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवलेला, इंजिनाचे भाग कारखान्याचेच, फक्त निवड आपली, आणि कार्ब्युरेटर एकच, लहानसा. कोरीन सोमवार ते शुक्रवार शाळेची बस चालवते आणि रविवारी ही असली गाडी.

दोन वर्षांपासून बाबांचे हात थरथरतात. हे इंजिन त्यांनी नोव्हेंबरात हाती घेतलं, ते बर्फ वितळल्यावर पुरं झालं. मायक्रोमीटर मी वाचायचे, कारण त्यांच्या हातात तो स्थिर राहत नसे. पण पिस्टनच्या रिंगांची टोकं कानशीने घासायचं काम त्यांनी मला दिलं नाही. ते घासायचे, रिंग जास्त घासली जायची, मग नवा संच मागवायचे. पार्सलं माझ्या प्रयोगशाळेच्या पत्त्यावर येत. कोरीनला कळू नये म्हणून. हे त्यांचं शेवटचं इंजिन होतं. आम्हा तिघांनाही ते माहीत होतं आणि तिघांपैकी कुणीही ते बोललं नव्हतं.

आता कोरीनला ट्रकचं इंजिन का हवं होतं ते सांगते. आमच्या वर्गात दाव्याचा नियम आहे. शर्यत संपली की जिंकणाऱ्याने गाडी थेट प्रेक्षकांसमोर, चुन्याने आखलेल्या चौकोनात आणायची. मागे आलेल्यांपैकी कुणालाही त्याचं इंजिन हवं असेल, तर त्याने आपली गाडी त्याच्याशेजारी उभी करायची आणि पंचाच्या हातात हजार डॉलर ठेवायचे. मग पंच जिंकणाऱ्याला विचारतो, विकलं की नाही विकलं? तिसरं उत्तर नाही. 'विकलं' म्हटलं तर इंजिन तिथेच उचलून द्यायचं. फक्त कार्ब्युरेटर आणि धूर सोडणारी नळकांडी आपली. 'नाही विकलं' म्हटलं तर जिंकलेली शर्यत गेली, सगळे गुण गेले आणि पुढचा महिनाभर घरी. पैसेवाल्याने इंजिनात पैसा ओतू नये म्हणून केलेला नियम. हजाराला जाणाऱ्या वस्तूत चार हजार कोण घालणार?

बाबांनी पैसे घातले नव्हते. घातलं होतं ते दुसरंच काही, आणि त्याची किंमत नियमात हजारच होती.

दोन्ही इंजिनं मी शेजारच्या गावातल्या कॉलेजात नेली. तिथे इंजिनाची ओढ मोजायचं यंत्र आहे. मग घरी येऊन आलेख काढला. आपल्या रिंगणासाठी इंजिन निवडताना लोक एकच चूक करतात: ते सगळ्यात उंच टोक बघतात. पण आमचं रिंगण लहान आहे. वळणात इंजिनाचे फेरे मिनिटाला चार हजारांखाली जात नाहीत आणि सरळ भागात सहा हजारांच्या वर जायला जागा नाही. त्या दोन रेघांच्या मधलं काय ते आपलं. बाहेरच्या ताकदीला हातात घेऊन करायचं काय? ट्रकचं इंजिन खालच्या फेऱ्यांना जोरदार होतं, पण पाच हजारांनंतर धाप लागल्यासारखं खाली यायचं. बाबांच्या इंजिनाचं टोक फारसं उंच नव्हतंच. ती रेघ मात्र चार हजारांपासून सहा हजारांपर्यंत टेबलासारखी सपाट होती. व्हॉल्व्ह कधी उघडायचे, किती वेळ उघडे ठेवायचे हे त्यांनी या एका रिंगणासाठी निवडलं होतं, दुसऱ्या कशासाठीही नाही.

आलेख मी कोरीनला दाखवला. तिने तो बसच्या स्टिअरिंगवर पसरून पाहिला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणून तर नको म्हणते."

"म्हणून नको?"

"अगं, हे बसवलं तर मी जिंकणार. जिंकले की चौकोनात जावं लागणार. तो डुकरंवाला वेन्डेल माझ्या मागे दुसऱ्या नंबरावर लाळ गाळत असणार. आणि मग? बाबा दुसरं बांधणार आहेत?" तिने आलेखाची घडी केली. "तू सांग ना त्यांना, ट्रकचं बरं म्हणून. तुझं ऐकतील."

"आकडे तसं म्हणत नाहीत."

"आकड्यांना बाप नसतो, आर्डिस."

मी बाबांना खोटं सांगितलं नाही. काही सांगितलंच नाही. कोरीनने ट्रकचं इंजिन बसवलं आणि मे महिना आम्ही त्याच्यावर काढला. कधी सहावा नंबर, कधी आठवा. बाबा दर रविवारी कुंपणाशी घडीची खुर्ची टाकून बसायचे, टोपी डोळ्यांवर ओढून. गाड्या ते बघत नसत, ऐकत.

"तिसऱ्या वळणातून निघताना हंबरतंय," एवढंच एकदा म्हणाले. "पान्हा चोरणाऱ्या गाईसारखं."

जूनच्या सुरुवातीला एका संध्याकाळी मी त्यांच्यासाठी रूबार्बची गोड पाई भाजून घेऊन गेले, तर ते शेडमध्ये होते. चादर बाजूला केलेली. लांब पान्याने ते इंजिन हाताने फिरवत होते, पाव फेरा, मग थांबायचं, मग पुन्हा पाव फेरा.

"रिंगा धरून बसतात," ते म्हणाले. "न फिरवलेलं इंजिन आतून गंजतं. म्हाताऱ्यासारखं."

मी पाई बाकावर ठेवली. "बाबा, हे बसवलं, जिंकलं, आणि कुणी दावा लावला तर?"

त्यांनी पाना थांबवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलंय, शेत पेरलं आणि उगवलं तर?

"तर काय? जाईल."

"वाईट नाही वाटणार?"

"तुम्ही लहान होतात तेव्हा एका उन्हाळ्यात माझी तीन गेली. तीन! तुझी आई म्हणायची, लोक मांजराची पिलं वाटतात, आमचा लॅडी इंजिनं वाटतो." ते हसले. "अगं, दगडावर कुणी दावा लावतं का? हजार डॉलर मोजून माणूस घाणेरड्या हातांनी तुझ्यासमोर उभा राहतो, सगळ्या गावासमोर, की मला तुझं हवंय. दुसरं कुठलं सर्टिफिकेट आहे आमच्या धंद्यात?"

हे मी कोरीनला जसंच्या तसं सांगितलं. ती गाडीखाली होती. फक्त बूट दिसत होते.

"ते म्हणणारच तसं," बूट म्हणाले.

"मला वाटतं ते खरंच बोलत होते."

"ते खरं बोलत असतील गं. मला नाही जमणार." मग ती सरपटत बाहेर आली, तोंडाला ग्रीस. "पण ते रोज एकटे बसून ते फिरवतात, असं म्हणालीस ना?"

"रोज आहे की नाही माहीत नाही. मी एकदा पाहिलं."

"रोज असणार." ती उठून बसली. "काढ तुझा तो कागद. गिअर कुठलं लागेल?"

गिअरवरून मग बाबांचं आणि तिचं खरं भांडण झालं, आणि ते ऐकायला मला फार बरं वाटलं. मागच्या आसात सगळेजण आखूड गिअर घालतात. गाडी वळणातून झटकन सुटते. बाबा म्हणाले, लांब गिअर घाल, दोन पायऱ्या लांब.

"बाबा, गाडी सुटणारच नाही जागची!"

"संध्याकाळी माती सुकते. सुकली की काच. काचेवर झटक्याने काय सुटतं? नुसतं चाक गरगरतं, गाडी तिथेच. सगळे तिथे भाजी ढवळत बसतात. हे इंजिन खालूनच ओढतं. त्याला ओढू दे, लाथ मारायला लावू नको."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी हिशोब केला. लांब गिअरने फेरे थोडे कमी होत, पण सपाट रेघेच्या बाहेर जात नव्हते. बाबांनी हा हिशोब केला नव्हता, मी केला. उत्तर एकच आलं. कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट एक नंबर लहान करायचं माझं म्हणणं त्यांनी मान्य केलं, तेवढं माझ्या पदरात पडलं.

रविवारी वेन्डेल टेस्डाल आमच्या गाडीखाली डोकावून गेला. त्याची डुकरांची शेती आहे, पन्नाशीचा आहे, आणि रिंगणात गेली कित्येक वर्षं पहिला नाहीतर दुसरा असतो.

"लॅडी, हे काय घातलंत?" तो म्हणाला. "हे हायवेवरचं गिअर. कोरीन इथून सुटेल ती शिकागोला थांबेल."

"तू पाठीमागून येच," बाबा म्हणाले. "रस्ता चुकशील एरवी."

वेन्डेलने चादर नसलेल्या इंजिनाकडे पाहिलं. ओळखलं. हसणं थांबवून त्याने टोपीला हात लावला आणि गेला.

शर्यतीचं वर्णन मला नीट करता येत नाही. मी बहुतेक वेळ तापमानाचा काटा काय म्हणत असेल याचाच विचार करते. सुरुवातीला कोरीन मागे पडली. मग ऊन कललं, माती चकाकायला लागली, आणि बाकीच्या गाड्यांची मागची चाकं वळणातून निघताना गरगरू लागली. कोरीनची नाही. ती वळणातून घाई न करता निघायची आणि सरळ भाग संपेस्तोवर एकेक गाडी मागे गेलेली असायची. आवाजही वेगळा होता, ओरडणारा नव्हता, घट्ट विणीचा. वेन्डेलला तिने शेवटून दुसऱ्या फेरीत मागे टाकलं.

गाडी चौकोनात आली. कोरीन खिडकीतून बाहेर आली आणि टपावर उभी राहिली. पंच मर्ल दाव्याची मुदत मोजत, घड्याळ बघत उभा राहिला. त्याने आयुष्यभर टपाल वाटलं. वेळेच्या बाबतीत फार कडक.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढून केस नीट केले होते आणि ते उभे होते. तेव्हाच मला आमच्या पिकअपच्या मागच्या बाजूला इंजिन उचलायची साखळीची कप्पी आणि ते ठेवायची लाकडी चौकट दिसली. ती त्यांनी घरून निघताना चढवली असणार.

वेन्डेलची गाडी आली, चौकोनाच्या कडेने हळू झाली, आणि पुढे निघून गेली. तिसरी गेली. चौथी गेली. मर्लने घड्याळ खिशात टाकलं आणि कोरीनचा हात वर केला.

कोरीन रडत होती, हसत होती. "वाचलं, आर्डिस! वाचलं!" तिने माझे खांदे धरून हलवले. बाबा खुर्चीची घडी घालत होते. एकदा नाही बसली, दोनदा नाही बसली. मी घालून दिली.

"चला," ते म्हणाले.

पुढचे दोन रविवारही कोरीन जिंकली. दोन्ही रविवारी चौकोनात कुणी आलं नाही. दुसऱ्या वेळी बाबांनी कप्पी आणली नव्हती.

त्या मंगळवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. "तुझं ते हवेचं मीटर घेऊन ये."

प्रत्येक सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरायची आणि किती गळते ते बघायचं, अशी ती चाचणी. चांगल्या इंजिनात शंभरातले पाच गेले तरी चालतात. इथे आठही सिलिंडरांत दोन नाहीतर तीन. मी आकडे मोठ्याने वाचले.

"पुन्हा कर."

पुन्हा केली. तेच.

"मीटर बिघडलंय."

"बाबा, मीटर मी काल तपासलंय."

ते बादलीवर बसले आणि आपल्या हातांकडे बघत राहिले. मांडीवर ठेवले तरी हात थांबत नव्हते. "वेन्डेलला कान आहेत," ते म्हणाले. "आमच्या सगळ्यांत चांगले कान. तो तीन वेळा मागून ऐकत आलाय आणि तीन वेळा पुढे निघून गेला. काहीतरी आहे त्यात, आर्डिस. कुठली तरी रिंग, कुठलं तरी बेअरिंग. त्याला ऐकू येतंय, मला येत नाही. कान पण गेले म्हणायचे."

"तुमचं इंजिन जिंकतंय."

"कोरीन जिंकतेय. चांगली चालवते पोरगी. असल्या इंजिनावरही."

माझ्या हातात मीटर होतं, वहीत आकडे होते, आणि त्यातलं काहीही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. आयुष्यभर मी माणसांना आकडा दाखवला की ती शांत होतात असं धरून चालले आहे. दूधवाले होतात. बाबा होत नव्हते.

मी दुसऱ्या दिवशी कामावरून थेट वेन्डेलच्या शेतावर गेले. तो डुकरांना पाणी सोडत होता.

"दावा का लावत नाहीस?" मी विचारलं. मला प्रस्तावना करता येत नाही.

वेन्डेल लाजला. एवढा मोठा माणूस, कानापर्यंत लाल झाला. "आम्ही ठरवलंय," तो म्हणाला. "सगळ्यांनी. पहिल्याच दिवशी, पिटात गाड्या उभ्या असताना. लॅडीचं शेवटचं आहे, त्याच्यावर कुणी हात टाकायचा नाही. बाहेरगावच्या पोरांनाही बजावलंय. एकजण लावणार होता, त्याला म्हटलं, टायर फाडीन." त्याने माझ्याकडे पाहिलं. शाबासकीची वाट बघत असावा.

"बाबांना सांगितलंत?"

"असं सांगतात का कुणी?"

मग मी त्याला शेडमधलं सगळं सांगितलं. मीटर बिघडलंय म्हणाले ते, हातांकडे बघत बसले ते, कानांचं बोलले ते. नळी त्याच्या हातातून सुटली आणि पाणी आमच्या दोघांच्या बुटांवर यायला लागलं.

"अरे देवा," वेन्डेल म्हणाला. "आम्ही तर प्रेमापोटी..."

"माहीत आहे."

"मग येत्या रविवारी लावतो. म्हणजे, त्यांच्या समाधानासाठी..." तो थांबला. "नाही. ते पण तेच झालं ना? आधी दया म्हणून घेतलं नाही, आता दया म्हणून घ्यायचं. लॅडी ओळखतील. माझ्या तोंडावर दिसतं सगळं."

खरं होतं. त्याच्या तोंडावर सगळं दिसतं.

"वेन्डेल," मी म्हटलं, "तुला ते इंजिन हवंय का?"

तो खाली वाकून नळी उचलायला लागला आणि ती हातात आल्यावरही वाकलेलाच राहिला.

"हवंय का?" तो जमिनीला म्हणाला. "अगं, पहिल्या दिवशी ती मला बाजूने टाकून गेली ना, तेव्हा मी ब्रेक मारायचा विसरलो. ऐकतच राहिलो. बायको म्हणते, जेवताना तोंडाने आवाज काढतोस त्याचा. हवंय का म्हणे!"

"मग दया कुठे आली त्यात?"

तो सरळ झाला. "कोरीन मला गाडीखाली घेईल."

"कोरीनला मी सांगते."

कोरीनला सांगणं अवघड होतं. शनिवारी आम्ही गाडीच्या मडगार्डांखालची वाळलेली माती खरवडत होतो, तेव्हा सांगितलं. ती खरवडत राहिली, एकाच जागी, खालचा रंग निघेपर्यंत.

"तीन आठवडे मी नाचत होते," शेवटी ती म्हणाली. "त्यांच्यासमोर. वाचलं, वाचलं म्हणून."

"तुला माहीत नव्हतं."

"मला विचारता आलं असतं की." तिने मनगटाने नाक पुसलं. "आणि उद्या तो मर्ल मला विचारणार. माझ्या तोंडून म्हणवून घेणार. विकलं म्हणून."

"हो. ते तुलाच म्हणावं लागेल. नियम तसा आहे."

"आधी जिंकू तरी दे," ती म्हणाली. म्हणेन किंवा म्हणणार नाही, यातलं काहीच ती बोलली नाही, आणि मी विचारलं नाही.

ती जिंकली. वेन्डेल तिच्या मागच्या बंपरला चिकटून आला. रविवार गरम होता, कुंपणापाशी कणसं भाजल्याचा वास होता, आणि सूर्य अजून धान्याच्या कोठारावर होता. कोरीन चौकोनात आली पण टपावर चढली नाही. गाडीतच बसून राहिली, हेल्मेटसकट. बाबा खुर्चीतून उठले नव्हते. टोपी डोळ्यांवर.

मग वेन्डेलची गाडी हळू झाली. वळली. चुन्याच्या रेषेवरून आत आली आणि कोरीनच्या शेजारी थांबली.

आणि प्रेक्षकांचा आख्खा स्टँड ओरडायला लागला. हुर्यो, शिट्ट्या, कागदाचे पेले. "लाज वाटू दे, वेन्डेल!" कुणी बाई किंचाळली, आणि मला वाटतं ती त्याची सख्खी मेहुणी होती. वेन्डेल लालबुंद होऊन गाडीतून उतरला आणि त्याने डगल्यातून पाकीट काढून मर्लच्या हातात दिलं. मर्लनेही ते विंचू धरावा तसं दोन बोटांत धरलं.

बाबा उभे राहिले होते. टोपी मागे सरकवलेली. ते कुंपणाची जाळी धरून बघत होते आणि जाळी हलत होती.

"कोरीन कुबिचेक," मर्ल म्हणाला, "विकलं की नाही विकलं?"

कोरीनने हेल्मेट काढलं. तिने वेन्डेलकडे पाहिलं, त्या मोठ्या, ओशाळलेल्या, हावरट तोंडाकडे. त्याच्या तोंडावर खरोखर सगळं दिसत होतं. मग तिने कुंपणाकडे पाहिलं. बाबा तिच्याकडे बघतच नव्हते. ते वेन्डेलकडे बघत होते, डोळे बारीक करून, एखाद्या मायक्रोमीटरची खूण वाचावी तसे. आणि मी त्यांचा चेहरा बदलताना पाहिला. खरं होतं ते. वेन्डेलला खरंच हवं होतं.

"विकलं," कोरीन म्हणाली. आवाज फुटला, म्हणून पुन्हा म्हणाली, मोठ्याने, स्टँडला ऐकू जाईल असं. "विकलं! गप्प बसा सगळे! त्याने पैसे मोजलेत!"

बाबा फाटकातून आत येत होते. आत यायची परवानगी फक्त चालकांना आणि मेकॅनिकांना असते. मर्लने त्यांच्यासाठी बाजूला होऊन वाट दिली. ते सरळ वेन्डेलपाशी गेले आणि त्यांनी बोट रोखलं. बोट थरथरत होतं. त्यांना त्याचं काही वाटत नसावं.

"कार्ब्युरेटर आमचा. हात लावलास तर बघ."

"नाही लावत, लॅडी."

"तीन आठवडे कुठे होतास?"

वेन्डेल माझ्याकडे बघायला लागला. मी बुटांकडे. "पैसे जमवत होतो," तो म्हणाला. हे त्याने बरं केलं. ते तितकंसं खोटंही नव्हतं.

"हं. मीटर बिघडलं नव्हतं तर," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. मग पुन्हा वेन्डेलकडे. "ऐक. व्हॉल्व्ह गरम असताना जुळवायचे. गार असताना जुळवलेस तर मला सांगू नको, मला ऐकू येईल. आणि ते तुझं आखूड गिअर काढ. यात चालायचं नाही."

"हायवेवरचं घालू?"

"हायवेवरचंच घाल, गाढवा."

कप्पी आम्ही आणली नव्हती. वेन्डेलने आणली होती. इंजिन अजून तापलेलं होतं, बोल्टांना फडक्याशिवाय हात लागत नव्हता. कोरीनने खालचे बोल्ट काढले, मी तारा आणि नळ्या सोडवल्या, वेन्डेलने साखळी ओढली. इंजिन वर आलं, गोल फिरायला लागलं, तेव्हा बाबांनी त्याच्यावर तळहात ठेवून ते स्थिर केलं, आणि ते चौकटीत उतरेपर्यंत हात काढला नाही. स्टँडमधले लोक हळूहळू कुंपणाशी येऊन उभे राहिले होते. आता कुणी ओरडत नव्हतं. वेन्डेलची मेहुणी आमच्यासाठी चार लिंबू सरबतं घेऊन आली. त्याला मात्र तिने स्वतः दिलं नाही, माझ्या हातून दिलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही ट्रकचं इंजिन पुन्हा बसवलं. त्याच्यात व्हॉल्व्ह हलवणारी कॅमशाफ्ट कुठली घालावी यावर बाबा आणि मी तीन संध्याकाळी वाद घातला आणि त्यांनी मला मायक्रोमीटरसोबत कानसही दिली. मी पहिली रिंग वाया घालवली. त्यांनी फक्त पार्सलच्या पत्त्याचा कागद पुढे सरकवला.

रविवारी वेन्डेल जिंकला, आणि अशा रुबाबात जिंकला की मला राग आला. कोरीन पाचवी. ती पिटात आली तेव्हा तिचं हेल्मेट, दात, भुवया, सगळं चिकणमातीने लिंपलेलं होतं.

"बाबा," ती थुंकत म्हणाली, "तुमच्या त्या इंजिनाने आज मला अर्धं रिंगण खायला घातलं."

"ऐकलं मी," बाबा म्हणाले. ते हसत होते, खुर्चीसकट हलत होते, आणि पलीकडे चौकोनात वेन्डेलच्या गाडीशेजारी एक नाही, दोन गाड्या येऊन थांबत होत्या.